जागतिक प्रश्नांवर महाविद्यालयात दोन दिवस: आखणी कशी करावी?

विचारणाऱ्या सरांचा प्रश्न थोडक्यात असा आहे. रत्नागिरी जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावी त्यांचं अनुदानित महाविद्यालय आहे. ते राज्यशास्त्र शिकवतात आणि राष्ट्रीय सेवा योजनेचं कामही बघतात. ‘जागतिक प्रश्न, संघर्ष, त्यातून सावरणं आणि सामाजिक बदल’ या विषयावर दोन दिवसांचा कार्यक्रम घ्यायचा आहे आणि हाताशी चाळीस हजार रुपये आहेत. गेल्या वर्षीच्या चर्चासत्राला सकाळी तीनशे मुलं होती, जेवणानंतर चाळीस उरली. यंदा काय वेगळं करावं, आणि वादाच्या विषयाला हात घालावा की नाही, असं त्यांनी विचारलं आहे.

सर, जेवणानंतर सभागृह रिकामं होतं त्याला दोन कारणं असतात आणि दोन्हींचे उपाय निराळे आहेत. पहिलं कारण एस.टी. आहे. मुलं वाडी-वस्तीवरून येतात. चारची गाडी चुकली तर पुढची वस्तीची, आणि ती घरी पोचेपर्यंत काळोख. विशेषतः मुलींच्या घरून ते चालत नाही. दुसरं कारण असं की सकाळपासून त्यांना ऐकण्यापलीकडे काही कामच नसतं. मी आहे काय आणि नाही काय, हे मुलाला अकरा वाजताच कळतं. जेवण हे फक्त निघायचं निमित्त होतं. पहिल्या कारणावर वेळापत्रकाने मात करता येते. दुसऱ्यासाठी कार्यक्रमाच्या आधीचे सहा आठवडे लागतात, आणि खरी मेहनत तिथेच आहे.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधी सांगते. प्राचार्य कितपत पाठीशी उभे राहतात, गावात सध्या कुठला वाद पेटलेला आहे का, निवडणुकीची आचारसंहिता लागायची शक्यता आहे का, आणि सोबतीला किती सहकारी आहेत, यावर बरंच ठरेल. दोघेच असाल तर खालचं निम्मंच करा. दोन दिवसांचा एक दिवस केला तरी चालेल. दोन दिवस ओढून मधल्या सत्रांत वेळ भरण्यापेक्षा ते चांगलं.

विषय एकच धरा, आणि तो किनाऱ्यावरून धरा

‘जागतिक प्रश्न’ म्हटलं की हवामान, युद्ध, निर्वासित, लिंगभाव, कृत्रिम बुद्धिमत्ता असं सगळं एका पत्रिकेत कोंबायचा मोह होतो. मग आठ वक्ते येतात, प्रत्येक जण वीस मिनिटांत प्रस्तावनाच करतो आणि मुलांच्या हाती काही लागत नाही. दोन दिवसांत एकच गाठ सोडवायला घ्या. निकष साधा ठेवा: त्या प्रश्नाचं एक टोक जगात कुठेतरी असावं आणि दुसरं टोक तुमच्या तालुक्यातल्या निदान दहा घरांत असावं.

कोकणात असे विषय शोधायला लांब जावं लागत नाही. आखाताचंच घ्या. २ ऑगस्ट १९९० ला इराकने कुवेतमध्ये सैन्य घुसवलं आणि सुमारे १ लाख ७० हजार भारतीयांना विमानांनी मायदेशी आणावं लागलं. त्याच्या आधी १८ जानेवारी १९८२ ला मुंबईत गिरणी संप सुरू झाला आणि कितीतरी कोकणी घरांची मनीऑर्डर थांबली. मंडणगड, दापोली, श्रीवर्धनच्या बागायतदारांना ३ जून २०२० चं निसर्ग वादळ आठवतं, चिपळूणकरांना २२ जुलै २०२१ चा वाशिष्ठीचा पूर. महाडला २० मार्च १९२७ चा चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला. अलिबागजवळ चरीच्या कुळांनी खोतांविरुद्ध, म्हणजे सारा वसूल करणाऱ्या जमीनदारांविरुद्ध, १९३३ ते १९३९ अशी सहा वर्षं जमीन न कसता संप चालवला. सामाजिक बदल काय असतो हे दाखवायला यापेक्षा स्पष्ट उदाहरण कुठून आणणार? आणि रत्नागिरी शहरात तर ब्रह्मदेशच्या थिबा राजाची समाधी आहे. १८८५ च्या युद्धात इंग्रजांनी त्याचं राज्य घेतलं, १८८६ मध्ये त्याला इथे आणलं आणि १९१६ मध्ये तो इथेच वारला. म्यानमारमध्ये १ फेब्रुवारी २०२१ ला लष्कराने सत्ता हातात घेतली त्याबद्दल बोलायचं असेल, तर सुरुवात थिबा पॅलेसपासून करता येते.

या सगळ्यांतून तुमच्यासाठी मी समुद्र निवडेन. जहाजावर जाणारी मुलं, आखातात गेलेली माणसं आणि मासेमारी, तिन्ही एका सूत्रात बसतात. शिवाय दर्यावर्दींची घरं तुमच्याकडे आहेतच. पुढची आखणी हाच विषय धरून सांगते. दुसरा निवडलात तरी सांगाडा तोच राहील.

तारीख

तारीख चुकली की बाकी सगळं नीट असूनही कार्यक्रम पडतो. पावसाळ्यात रेड अलर्ट आला की जिल्हाधिकारी आदल्या रात्री सुट्टी जाहीर करतात, तेव्हा जून-जुलै नको. गणपतीच्या आधी-नंतरचे तीन आठवडे नकोत, मुलं आणि प्राध्यापक दोघेही मनाने घरी असतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरात सत्र परीक्षा. डिसेंबरात स्नेहसंमेलन आणि सेवा योजनेचं सात दिवसांचं शिबिर. फेब्रुवारीच्या मध्यापासून बारावीची परीक्षा, म्हणजे वर्गखोल्या आणि बाकं दोन्ही गेले. मार्चला शिमगा, पाठोपाठ आंब्याची काढणी.

राहतो जानेवारीचा दुसरा-तिसरा आठवडा. १२ ते १९ जानेवारी राष्ट्रीय युवा सप्ताह असतो, सेवा योजनेच्या कार्यक्रमात तुमचे दोन दिवस बसवता येतात आणि थोडा खर्च तिकडून निघतो. एक अडचण मात्र आहे. जानेवारीत मासेमारीचा हंगाम ऐन भरात असतो, मच्छीमार पाहुणे दिवसा मिळणं कठीण. त्यांच्यासाठी तारीख ठरवण्याआधी बंदरावर जाऊन विचारा. सुट्टीचा वार बंदरागणिक वेगळा असतो, त्या वाराला तुमचा एक दिवस जुळवा. केवळ मासेमारीवरच कार्यक्रम करायचा असेल तर जुलैचा शेवटचा आठवडा घ्या. १ जून ते ३१ जुलै बंदी असते, माणसं किनाऱ्यावर असतात. तेव्हा पावसाची जोखीम पत्करून एक राखीव दिवस आधीच जाहीर करावा लागतो.

सहा आठवड्यांची तयारी

तीनशे मुलांचा नाद सोडा. साठ मुलं निवडा, बारा-बाराचे पाच गट. प्रत्येक गटात कला, वाणिज्य, विज्ञान मिसळा. निम्म्याहून अधिक मुली ठेवा, कारण मिश्र गटात मुलींची संख्या कमी असली की त्या बोलतच नाहीत. नावनोंदणीला शुल्क नको. अट एकच: एका घरची मुलाखत घेऊन दोन पानं लिहून आणायची. ज्याने ती पानं दिली तो आत. बाकीच्या मुलांसाठी एक खुलं सत्र आणि प्रदर्शन असेल, त्यांना डावलल्यासारखं होणार नाही.

मुलाखतीचे प्रश्न सगळ्यांना सारखे द्या, नाहीतर नंतर काही जुळत नाही. सहा पुरतात. घरातलं पहिलं कोण गावाबाहेर गेलं, कुठे आणि कशासाठी? कधी अचानक परतावं लागलं का, कशामुळे? पैसे घरी कसे यायचे? माणूस बाहेर असताना घर, शेती, म्हाताऱ्यांचं आजारपण कोणी सांभाळलं? परत आलेल्या माणसाने गावात काय बदललं? आणि आता घरातल्या मुलीला कुठे जायचंय? यातला चौथा प्रश्न सगळ्यांत जास्त बोलका असतो आणि मुलं नेमका तोच घाईत उरकतात. त्यावर निदान दहा मिनिटं थांबायला सांगा.

मुलाखत पाऊण तासाच्या वर नको. रेकॉर्डिंग न करता टिपणं काढायची. फोन समोर ठेवला की म्हातारी माणसं भाषण करायला लागतात, किंवा गप्प होतात. आधी परवानगी विचारायची, नाव छापायचं की नाही तेही विचारायचं, आणि लिहून झालं की त्या घरी जाऊन वाचून दाखवायचं. हे शेवटचं मुलं टाळतात. टाळू देऊ नका. वाचून दाखवताना घरची माणसं दुरुस्त्या करतात आणि त्या दुरुस्त्यांतच खरी माहिती येते.

पाच गटांना पाच समन्वयक लागतील. ते तिसऱ्या वर्षाचे घ्या, आणि वक्तृत्व स्पर्धा जिंकणारी मुलं शक्यतो नकोत. ती स्वतःच बोलतात. ऐकणारी, थोडी शांत मुलं निवडा. त्यांच्या दोन-दोन तासांच्या दोन बैठका घ्या. पहिलीत खालचे चर्चेचे नियम आपसात खेळून बघायचे. दुसरीत तुम्ही मुद्दाम त्रास देणारा सदस्य व्हा: मध्येच तोडा, विषय भरकटवा, चिडा. समन्वयकाला ते कसं हाताळावं हे तिथेच शिकता येतं.

पहिला दिवस

दहा ते सव्वादहा उद्घाटन. पंधरा मिनिटं म्हणजे पंधराच. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, परिचय, शाल-श्रीफळ, मनोगत, आभार या क्रमात दीड तास जातो आणि सकाळची टवटवी संपते. प्राचार्यांना आधी भेटून सांगा की तुमचं बोलणं दुसऱ्या दिवशी मुलांच्या मांडणीनंतर ठेवलंय, तिथे त्याला वजन येईल. बहुतेक प्राचार्यांना हे पटतं.

मग एक तास नकाशा. जगाचा मोठा नकाशा, निदान पाच फूट रुंद, थर्माकोलवर चिकटवून भिंतीला लावा. प्रत्येक मुलाने आपल्या मुलाखतीतल्या घरापासून माणूस जिथे गेला तिथवर दोरा ताणायचा आणि दोन वाक्यं सांगायची. आखाताला एक रंग, जहाजाला दुसरा, मुंबईला तिसरा, आणि परत यावं लागलं असेल तर लाल गाठ. साठ मुलं गुणिले एक मिनिट, तास बरोबर पुरतो. कुवेतवर आणि मुंबईवर लाल गाठींचा गुंता झालेला दिसेल. तिथे थांबा आणि विचारा, इथे काय झालं होतं? उत्तर मुलांच्या टिपणांतूनच येईल, तुम्ही फक्त सालं जोडा.

साडेअकरा ते पाऊण हे खुलं सत्र, सभागृहात, सगळ्यांसाठी. दोनच पाहुणे: सुट्टीवर आलेला एक खलाशी किंवा जहाजावरचा अधिकारी, आणि जिच्या घरचं माणूस जहाजावर किंवा आखातात आहे अशी एक बाई. भाषण नको. गटातल्या दोन मुलांनी प्रत्येकाला वीस मिनिटं प्रश्न विचारायचे, मग सभागृहातून चिठ्ठ्या घ्यायच्या. ज्याला भाषणाची सवय नाही त्याला माइकपुढे उभं केलं की तो तीन मिनिटांत आटोपतो. तोच माणूस प्रश्नाला उत्तर देताना अर्धा तास बोलतो. पाहुण्यांशी आधी बसून ठरवा की काय विचारलेलं चालेल आणि काय नाही. जहाजाचं आणि कंपनीचं नाव घ्यायला लावू नका, त्यांची पुढची नोकरी त्यावर असते. ज्यांच्या घरात अलीकडेच कोणी दगावलंय त्यांना मंचावर आणूच नका, ते स्वतः म्हणाले तरी आधी घरच्यांशी बोला.

जेवणानंतरचा तास सगळ्यांत अवघड, म्हणून सगळ्यांत जास्त हालचालीचं काम तिथे ठेवायचं. मी इथे संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेचा प्रयोग ठेवते, आणि तो जरा सविस्तर सांगते, कारण महाविद्यालयांत तो बहुधा चुकीचा होतो. मुलं कोट-टाय घालून इंटरनेटवरची भाषणं वाचतात, टाळ्या पडतात आणि संपतं.

विषय घ्या तांबड्या समुद्राचा. १९ नोव्हेंबर २०२३ ला येमेनमधल्या हूथी या सशस्त्र गटाने ‘गॅलेक्सी लीडर’ हे जहाज पंचवीस खलाशांसह ताब्यात घेतलं. त्यानंतर तिथल्या जहाजांवर क्षेपणास्त्रं आणि ड्रोन यायला लागले. सुएझ सोडून केप ऑफ गुड होपला वळसा घालायचा तर प्रवास साधारण दहा ते चौदा दिवसांनी वाढतो. १० जानेवारी २०२४ ला सुरक्षा परिषदेत हे हल्ले थांबवा असं सांगणारा ठराव २७२२ मतदानाला आला. हाच क्षण वर्गात उभा करायचा.

तेव्हाचे पंधरा सदस्य: अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स, रशिया, चीन हे कायमचे पाच, आणि अल्जीरिया, इक्वेडोर, गयाना, जपान, माल्टा, मोझांबिक, दक्षिण कोरिया, सिएरा लिओन, स्लोव्हेनिया, स्वित्झर्लंड हे निवडून आलेले दहा. पंधरा देशांना तीन-तीन मुलं दिली की पंचेचाळीस झाली. उरलेल्या पंधरांतली तीन भारत होतात. यादीत भारत नाही हे बघून मुलं लगेच विचारतात, आणि विचारायलाच हवं. भारताची मुदत २०२२ अखेर संपली होती. ज्या देशाच्या हिताला धक्का लागतो त्याला परिषद चर्चेला बोलावू शकते, मत मात्र देता येत नाही. आपले हजारो खलाशी त्या पाण्यात आणि आपल्याला मत नाही, ही गोष्ट मुलांच्या डोक्यात पक्की बसते. बाकीच्या बारांपैकी सहा जण खलाशांच्या संघटनेची बाजू मांडतील आणि सहा जण पत्रकार होऊन शेवटी बातमी लिहितील.

प्रत्येक देशाला अर्ध्या पानाची चिठ्ठी द्या. त्यात चार ओळी पुरे: आपल्याला काय हवं आहे, भीती कशाची आहे, आपला माल किंवा माणसं कुठे अडकली आहेत, आणि कशावर तडजोड चालेल. चिठ्ठी मराठीतच द्या. इंग्रजीत दिली की दोन मुलं बोलतात आणि अठ्ठावन्न बघत बसतात.

वेळ असा वाटा: नियम समजावायला दहा मिनिटं, प्रत्येक देशाला एक मिनिट म्हणजे पंधरा, मग पंचवीस मिनिटं उठून फिरत वाटाघाटी, पंधरा मिनिटांत ठरावाचा मसुदा फळ्यावर, दहा मिनिटांत मतदान, आणि राहिलेली पस्तीस मिनिटं चर्चेला. एकूण एकशे दहा. ठराव मंजूर व्हायला नऊ मतं लागतात आणि कायमच्या पाचांपैकी कुणीही विरोधात मत देता कामा नये. त्यांच्यापैकी एकाचंही विरोधी मत ठराव पाडतं, यालाच नकाराधिकार म्हणतात. तटस्थ राहिलं तर तो लागू होत नाही. हा बारकावा आधी फळ्यावर लिहून ठेवा, ऐन मतदानाला गोंधळ होतो तो इथेच.

मतदान झालं की खरा निकाल सांगा: बाजूने अकरा, विरोधात शून्य, तटस्थ चार. तटस्थ राहिले रशिया, चीन, अल्जीरिया आणि मोझांबिक. मग विचारा की रशिया नि चीनला अडवता येत होतं तरी त्यांनी का अडवलं नाही? आणि ठरावाने काय झालं? एक-दोन दिवसांतच अमेरिका आणि ब्रिटनने येमेनमध्ये हल्ले सुरू केले. त्याच महिन्याच्या २६ तारखेला ‘मार्लिन लुआंडा’ या टँकरवर क्षेपणास्त्र पडलं. जहाजाचा झेंडा मार्शल आयलंड्सचा, आत रशियातला नाफ्था (खनिज तेलापासून निघणारा ज्वालाग्राही द्रव), आणि खलाशांत बावीस भारतीय. आग विझवायला मदत केली ती आपल्या नौदलाच्या ‘विशाखापट्टणम’ने. ‘गॅलेक्सी लीडर’चे खलाशी सुटले ते थेट जानेवारी २०२५ मध्ये. हा क्रम फळ्यावर तारखांसह लिहा आणि गप्प बसा. मुलं बोलतील.

हा प्रयोग फसतो तो चर्चेची पस्तीस मिनिटं वाटाघाटीत खाल्ली गेल्यामुळे. मुलांना भांडायला मजा येते, ती म्हणतात अजून दहा मिनिटं द्या. देऊ नका. शिट्टी घेऊन एका विद्यार्थ्याला वेळेवर बसवा.

तीन वीसला थांबा, चहा द्या, चारच्या गाडीला सोडा. आगार व्यवस्थापकांना आठवडाभर आधी महाविद्यालयाच्या लेटरहेडवर पत्र देऊन ठेवलं तर गर्दीच्या मार्गावर ते बघतात. खात्री धरू नका, पण पत्र द्या.

दुसरा दिवस

सकाळी एकच तज्ज्ञ, पंचवीस मिनिटं. मत्स्यशास्त्र किंवा आंतरराष्ट्रीय कायदा शिकवणारे कोणी मिळाले तर उत्तम. रत्नागिरीला मत्स्य महाविद्यालय आहेच, तिथे विचारा. त्यांना विषय नेमका द्या: समुद्र कोणाचा? किनाऱ्यापासून बारा सागरी मैलांपर्यंत मासेमारीचे नियम राज्याचे, तिथून दोनशे मैलांपर्यंत केंद्राचे, त्यापुढे कोणाचेच एकट्याचे नाहीत, एवढं चित्र मुलांना स्पष्ट झालं की पुढची सत्रं चालतात. जून २०२२ मध्ये जागतिक व्यापार संघटनेत मासेमारीच्या अनुदानांवर करार झाला, तिथे लहान मच्छीमारांना सवलत मिळावी म्हणून भारताने धरलेला आग्रहही त्यांनी सांगावा.

मग गटचर्चा. वादाच्या विषयाला हात घालावा का, हा तुमचा प्रश्न इथे येतो. माझं मत स्पष्ट आहे: घालावा, पण जो वाद आज रस्त्यावर आहे तो पहिल्या वर्षी नको. जैतापूरचा अणुऊर्जा प्रकल्प असो की बारसूची रिफायनरी, ज्या मुलांच्या घरची जमीन किंवा नोकरी त्यात आहे, त्यांना वर्गात बाजू घ्यायला लावणं म्हणजे त्यांच्या वाडीतलं भांडण तुमच्या अंगणात आणणं. गावात प्रकरण तापलेलं नसेल आणि तुमचे समन्वयक एकदा मुरलेले असतील तर दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी तो विषय घेता येतो. पहिल्या वर्षी पर्ससीन (मोठ्या जाळ्याने माशांचा अख्खा थवा वेढून पकडणं) आणि पारंपरिक मासेमारीचा वाद घ्या. तोही तीव्र आहेच. राज्य सरकारने २०१६ मध्ये पर्ससीनवर निर्बंध घातले, एलईडी दिव्यांच्या उजेडाने मासे ओढून केलेल्या मासेमारीवर केंद्राने २०१७ मध्ये बंदी आणली, तरी समुद्रातलं भांडण थांबलेलं नाही. पण त्यात बाजू दोनहून अधिक आहेत, म्हणून मुलं सरळ दोन तटांत विभागली जात नाहीत.

भूमिका अशा वाटा: रापणकर (किनाऱ्यावरून जाळं ओढणारा), गिलनेटवाला (पाण्यात उभं जाळं लावणारा), ट्रॉलरमालक (बोटीमागे जाळं ओढत नेणारा), पर्ससीनमालक, बोटीवरचा नेपाळी खलाशी, मासळी विकणारी बाई, बर्फ कारखान्याचा मालक, मत्स्यव्यवसाय विभागाचा अधिकारी. एका गटात बारा मुलं, आठ भूमिका, काही भूमिका जोडीने. ज्याच्या घरी बोट आहे त्याला त्याच्या विरुद्धची भूमिका द्या. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातल्या बोटींवर नेपाळमधून आलेली मुलं काम करतात हे सगळ्यांना माहीत असतं, पण त्यांच्या बाजूने कधी कुणी वाक्य बोललेलं नसतं. त्या भूमिकेसाठी सगळ्यांत विचारी मूल निवडा.

चर्चेच्या तीन फेऱ्या. पहिली: प्रत्येकाला दीड मिनिट, कोणी मध्ये बोलायचं नाही. दुसरी: बोलण्याआधी समोरच्याचं म्हणणं आपल्या शब्दांत सांगायचं, आणि तो ‘हो, हेच म्हणालो’ म्हणेपर्यंत स्वतःचं सुरू करायचं नाही. तिसरी: फक्त प्रश्न. दुसऱ्या फेरीला मुलं वैतागतात, समन्वयकाने तिथे ढिलं पडायचं नाही. वेळ नव्वद मिनिटं. प्राध्यापकांनी गोलात बसू नये. सर बसले की मुलं एकमेकांशी बोलायची सोडून सरांकडे बघून उत्तरं देतात. दाराबाहेर थांबा, आवाज चढला तरच आत या.

आणि फोन. सगळ्यांत मोठा धोका हाच. कुणीतरी भूमिकेतलं वाक्य वीस सेकंदांचं कापून गावच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकतं आणि संध्याकाळी पालक प्राचार्यांच्या दारात असतात. दाराशी कापडी पिशव्या ठेवा, त्यावर नावाची चिठ्ठी, फोन आत. प्राध्यापकांचेही.

दुपारी प्रत्येक गटाने पाच मिनिटांत एकच गोष्ट मांडायची: सगळ्या बाजूंना मान्य होईल असा एक नियम, आणि तो कोण पाळणार नाही व का. दुसरा भाग महत्त्वाचा. त्यावर मच्छीमार पाहुणे बोलतील, मग प्राचार्य, आणि साडेतीनला आटोपा.

पैसे, परवानग्या आणि कागद

चाळीस हजारांची वाटणी अशी करता येईल. साठ मुलं, दोन दिवस, चहा-नाश्ता-जेवणाला माणशी ११० रुपये, म्हणजे १३,२००. सहा पाहुण्यांना प्रत्येकी १,५०० मानधन, ९,०००. प्रवासखर्च ७,०००. नकाशा, दोरे, चिठ्ठ्या, छपाई ३,०००. ध्वनी व्यवस्था ३,०००. इन्व्हर्टर किंवा जनरेटर १,८००. उरलेले ३,००० हाती ठेवा. ११० रुपयांत उसळ-भात-पोळीच बसते, तेवढी पुरे. गावातल्या महिला बचत गटाला काम दिलंत तर चवही चांगली मिळते.

मानधन सगळ्यांना सारखं, प्राध्यापकाला जेवढं तेवढंच मासेवालीला. ते त्याच दिवशी हातात द्या. तिचा त्या दिवसाचा धंदा बुडालेला असतो, तिला धनादेशासाठी तीन आठवडे थांबवणं बरोबर नाही. त्यासाठी कार्यालयातून आगाऊ रक्कम आधीच उचलून ठेवा आणि पावत्या तयार ठेवा.

महाविद्यालयाच्या आवारातल्या आतल्या कार्यक्रमाला सहसा वेगळी परवानगी लागत नाही, तरी पोलीस ठाण्याला विषय आणि पाहुण्यांची नावं कळवणारं पत्र देऊन पोच घ्या. जिल्ह्यात मनाई आदेश लागू असेल तर तेव्हाच कळतं. आचारसंहिता असेल तर कुठल्याही पक्षाचा पदाधिकारी मंचावर नको, एरवीही नको. परदेशी नागरिकाला प्रत्यक्ष बोलवायचा विचार असेल तर आधी विद्यापीठाकडे लेखी विचारा, आणि जमत नसेल तर ऑनलाइन घ्या. ऑनलाइन पाहुण्याकडून आधीच दहा-बारा मिनिटांचं चित्रीकरण मागवून पेनड्राइव्हवर ठेवा. नेट गेलं तर ते दाखवता येतं आणि प्रश्नोत्तरं साध्या फोनवर माइक धरून होतात.

नॅकसाठी (महाविद्यालयांचं मूल्यांकन करणारी संस्था) जिओटॅग, म्हणजे जागेची नोंद असलेले फोटो, हजेरीपट आणि अभिप्राय लागणार. ते काम एकाच विद्यार्थ्याकडे द्या. उद्घाटन, नकाशा आणि समारोप असे तीन वेळा फोटो, बाकी वेळ कॅमेरा बंद.

धावती उजळणी करून ठेवते, कारण बैठकीत तुम्हाला हेच सांगावं लागेल: एक विषय, साठ मुलं, प्रत्येकाची एक मुलाखत, जेवणानंतर हालचालीचं काम, चर्चेत फोन बाहेर, चारची गाडी.

राहिला मुलाखतींचा प्रश्न. साठ घरांची टिपणं जमतील, ती कपाटात जाऊ देऊ नका. महिन्याभरात टाइप करून, ज्यांनी नाव नको म्हटलंय त्यांची नावं काढून, दोन प्रती बांधून घ्या. एक ग्रंथालयात, एक पुढच्या वर्षीच्या गटासाठी तुमच्या विभागात. ज्या घरांनी वेळ दिला त्यांना त्यांच्या पानांची झेरॉक्स मुलानेच नेऊन द्यायची. प्रमाणपत्रं त्यानंतर वाटा, म्हणजे हे काम राहत नाही. तुमच्या तालुक्यात जहाजावर जाणारे जास्त आहेत की मासेमारी करणारे, एवढं कळवलंत तर देशांच्या आणि भूमिकांच्या चिठ्ठ्यांचा मराठी नमुना इथेच देते.